सावकाशचा अंगठा

आमच्या संस्थेत मी टेलिफोनवर बसते. सव्वीस वर्षं झाली. कुणाच्या घरी माणूस गेलं की आमचा नंबर फिरवतात, आणि मी पलीकडच्या रडण्यातून पत्ता, मजला आणि लिफ्ट आहे की नाही एवढं काढून घेते. शहराच्या या भागात मोफत शववाहिनी आमची एकच. बाकीच्या खासगी, आणि ते लोक घरातली रड बघून भाव सांगतात. माझी जीभ तिखट आहे. घरचे म्हणतात, हिला मऊ बोलायचा पगार मिळतो म्हणून मऊ सगळं ऑफिसात संपवून येते. असेलही. आता जे सांगणार आहे त्यात सगळ्यात वाईट मीच वागले, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला वाट बघायला नको.

गाडी चालवायचे सावकाश. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, खरं नाव हजेरीच्या वहीत. जिन्यावरून स्ट्रेचर उतरवताना डोक्याची बाजू नेहमी त्यांच्याकडे, आणि प्रत्येक वळणावर ते हलक्या आवाजात म्हणायचे, सावकाश. पायाकडच्या बाजूला घरचंच कुणीतरी असायचं, जावई म्हणा, शेजारी म्हणा, जन्मात कधी असलं ओझं न उचललेला. तो घाई करायचा, कारण त्याला ते लवकर संपायला हवं असायचं. पुढे लोक आभार मानायला फोन करायचे तेव्हा विचारायचे, ते सावकाश म्हणणारे गृहस्थ आहेत का हो? मग आम्हीही तेच म्हणायला लागलो. मी मात्र त्यांना भाऊ म्हणे आणि ते मला ताई.

प्रत्येक फेरीनंतर ते गाडी फिनेलने धुवायचे. तसं कुणी सांगितलं नव्हतं. डबा गाडीत बसून कधी खाल्ला नाही, समोरच्या ओट्यावर बसून खायचे, पाऊस असला तर उभ्याने माझ्या टेबलाशी. नातेवाइकांसाठी पाण्याची बाटली आणि कागदी पेले स्वतःच्या खर्चाने ठेवायचे. बायको, म्हणजे आमच्या वहिनी, घरी शिलाईचं मशीन चालवायच्या, आणि दोघांचं मिळून कसंबसं भागायचं. त्यांच्या इमारतीच्या सेक्रेटरीने शववाहिनी आवारात लावायला बंदी केली होती, म्हणून हे गाडी दोन गल्ल्या सोडून लावायचे. सेक्रेटरीचे वडील गेले तेव्हा पहिला फोन त्याचाच आला. सावकाश मला म्हणाले, ताई, आज आवारात जागा मिळाली बरं का. एवढंच. हसलेसुद्धा नाहीत, मीच हसले.

त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी एका घटनेनंतर स्वतःला घालून घेतला होता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी ते एका दारात गाडी लावून वर गेले, आणि तेवढ्यात शाळा सुटून त्या घरातली मुलगी आली. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिने गाडी बघितली आणि दप्तर तिथेच टाकून उलट्या दिशेला पळत सुटली. तिला शोधायला दीड तास लागला. तेव्हापासून सावकाश गाडी कोपऱ्यावर लावायचे, चालत जायचे, आणि वर गेल्यावर पहिला प्रश्न विचारायचे, घरातल्या सगळ्यांना कळलंय ना? कळलंय म्हटलं की मगच गाडी दारात. यात कधी अर्धा तास जायचा, आणि दुसऱ्या घरचे मला फोनवर फाडून खायचे. मी त्यांना सांगायची, गाडी ट्रॅफिकमध्ये आहे.

संस्था चालायची ती एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या जिवावर. डिझेल, पगार, दुरुस्ती, सगळं तोच द्यायचा. तो गेला, त्यालाही सावकाशनीच नेलं, आणि महिन्याभरात त्याच्या मुलांचं पत्र आलं की यापुढे जमणार नाही. त्यात गाडी एकोणीस वर्षांची. परवाना वर्षअखेरपर्यंत, पुढे नूतनीकरण नाही. नवी गाडी घ्या नाहीतर गाशा गुंडाळा, असं आमच्या अध्यक्षांनी सरळ सांगितलं. सावकाशनी तेव्हा मला विचारलं होतं, ताई, बंद झालं तर लोक काय करतील? मी म्हटलं, पैसे देऊन नेतील. ते म्हणाले, आणि नसतील तर? एकसष्टाव्या वर्षी आपलं काय होईल हे त्यांनी विचारलं नाही, ते माझ्या मनात आलं. त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं.

तर अध्यक्षांनी आपला मेहुणा आणला. डिजिटल सल्लागार. हा दुसऱ्या शहरातून फोनवरून आम्हाला चालवणार, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. प्रत्येक वाक्यात तो एकदा तरी 'रीच' म्हणायचा, म्हणजे पोस्ट किती लोकांपर्यंत पोचली ते, म्हणून मी त्याचं नाव रीचसाहेब ठेवलं. त्याने संस्थेचं पेज उघडायला लावलं आणि ते माझ्या गळ्यात मारलं, कारण ऑफिसात खुर्चीवर बसलेली मी एकटीच.

पहिल्या पोस्टमध्ये मी गाडीचा फोटो टाकला, स्वच्छ धुतलेली, उन्हात उभी. खाली पहिलीच कमेंट आली, सकाळी सकाळी असलं काही दाखवत जाऊ नका. एका बाईने तो फोटो घरच्या ग्रुपवर पाठवला तर तिच्या सासूने तिला ग्रुपमधून काढून टाकलं, असं तिनेच आम्हाला कळवलं. आजारी मुलाचा फोटो लोक बघतात, कुत्र्याच्या पिल्लाचा बघतात, पण शववाहिनीचा फोटो समोर आला की बोट पुढे सरकतं. दोन महिन्यांत चौऱ्याहत्तर लोकांनी पेज लाईक केलं, त्यातले नऊ आमचेच नातेवाईक. देणगी दिली तिघांनी. त्यातली एक माझीच होती, आकडा शून्य दिसू नये म्हणून.

मग रीचसाहेबाने डोकं लढवलं. तो म्हणाला, गाडीसाठी कोण देईल? आपल्या गल्लीसाठी देतील. शहर सोडून लांब गेलेले लोक शोधा, त्यांना त्यांच्या जुन्या गल्लीची आठवण करून द्या, आणि महिन्याला थोडी रक्कम मागा. त्या गल्लीत फेरी झाली की त्या गल्लीच्या देणगीदारांना आपोआप आभाराचा निरोप जाईल, सोबत फोटो. पैसा कुठे गेला ते दिसलं की माणूस पुन्हा देतो. आणि खरंच, चाललं की हो. गल्लीगल्लीच्या नावाने मी पोस्टी केल्या, त्या त्या गल्लीतली जुनी दुकानं, शाळेची भिंत, नळाचा कट्टा यांचे फोटो टाकले, आणि लांबलांबून लोक नाव नोंदवायला लागले. तीनशेच्या वर झाले. मी रोज सकाळी आल्या आल्या आकडा बघायची आणि सावकाशना सांगायची, भाऊ, आज अकरा वाढले. ते मान हलवायचे, चेहरा मात्र उजळायचा.

आपण सोडून आलेल्या गल्लीतल्या शववाहिनीला महिन्याच्या महिन्याला पैसे कोण देईल? ज्याचे म्हातारे आईबाप अजून तिथे राहतात तो. एवढी साधी गोष्ट आमच्या एकाच्याही डोक्यात आली नाही. मला तर यायलाच हवी होती.

फोटोवरून सावकाश अडून बसले. माणसाचा चेहरा नको हे सगळ्यांना मान्य होतं, पण ते म्हणाले दारही नको. रीचसाहेब म्हणाला, दाराशिवाय फोटोला अर्थ नाही, नुसती गाडी तर गॅरेजमध्येही असते. शेवटी मी मधला मार्ग काढला. देणग्यांसाठी जे ॲप घेतलं होतं त्यात दोन बटणं होती, 'जतन करा' आणि 'पाठवा'. सावकाशनी दाराशी फोटो काढायचा, 'जतन करा' दाबायचं, आणि सगळ्या नातेवाइकांना कळलंय अशी घरच्यांकडून खात्री करूनच, संध्याकाळी म्हणा दुसऱ्या दिवशी म्हणा, 'पाठवा' दाबायचं. संस्थेने त्यांना एक फोन दिला. त्यांचा उजवा अंगठा पूर्वी गॅरेजात काम करताना कधीतरी चिरडलेला, नख जाड आणि वाकडं, स्क्रीनवर तो कुठेही पडायचा. मी त्यांच्याकडून आठवडाभर सराव करून घेतला. टेबलावर माझ्या पाण्याच्या तांब्याचे त्यांनी चाळीस फोटो काढले आणि चाळीसही जतन केले. शेवटी म्हणाले, ताई, तांब्याच्या नातेवाइकांना कळवलंत का? त्या दिवशी आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

पण 'पाठवा' त्यांच्याकडून वेळेवर होईना. कधी घरचे फोन उचलत नसत, कधी एखादा भाऊ प्रवासात असायचा, मग हे दोन दोन दिवस थांबायचे. रीचसाहेब करवादला. तासाभरात निरोप गेला तर लोक पुन्हा देतात, दोन दिवसांनी गेला तर उघडूनही बघत नाहीत, असं त्याचं गणित होतं. गाडीची पाऊण किंमत जमली होती आणि वर्ष संपायला सात आठवडे उरले होते. एका शुक्रवारी दुपारी त्याने मला फोनवर सांगितलं की ॲपच्या आतल्या पानावर एक खूण आहे, ती केली की जतन केलेला फोटो आपोआप जातो, ड्रायव्हरला 'पाठवा' दाबावंच लागत नाही. मी कंटाळले होते. सावकाशच्या मागे लागून कंटाळले होते, आकड्याची वाट बघून कंटाळले होते. मी ती खूण केली. सावकाश फेरीवर होते, आल्यावर सांगू म्हटलं. ते आले तोवर मी घरी गेले होते. शनिवार-रविवार मला सुट्टी, टेलिफोनवर दुसरी बाई. त्या दोन दिवसांत फेरी झाली नाही.

सोमवारी सकाळी नऊला, मी येऊन बसते न बसते तोच, एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. बायको गेली होती. दुसरा मजला, लिफ्ट नाही. ऐकायला कमी यायचं त्यांना, पत्ता तीनदा घ्यावा लागला. सावकाश गेले, गाडी कोपऱ्यावर लावली, वर जाऊन आपला प्रश्न विचारला. म्हातारे म्हणाले, मुलगा लांब असतो, तिकडे आत्ता रात्र आहे, झोपू दे त्याला, उठला की मी सांगतो. सावकाशनी बरं म्हटलं. शेजाऱ्यांना हाताशी घेऊन त्यांनी त्या बाईंना खाली आणलं, गाडी दारात घेतली, फोटो काढला. चेहरा नाही, काही नाही. गाडीचं मागचं दार, इमारतीचं फाटक, आणि फाटकाशी निळ्या रंगाने रंगवलेल्या डब्यांत लावलेली रोपं. त्यांनी 'जतन करा' दाबलं आणि फोन खिशात ठेवला.

मुलगा झोपलेला नव्हता, त्याची रात्रपाळी होती. त्याच्या फोनवर निरोप आला: तुमच्या मदतीने आज तुमच्या गल्लीतला एक शेवटचा प्रवास सन्मानाने पार पडला, मनःपूर्वक आभार. हा मजकूर माझाच. आणि खाली त्याच्या आईने रंगवलेले डबे. त्याने त्याच निरोपाला उलट विचारलं, हे कुणाकडे झालं? त्यालाही आपोआप उत्तर गेलं, आपल्या प्रतिसादाबद्दल धन्यवाद, आमचं पेज मित्रांना नक्की शेअर करा. हाही मजकूर माझाच. त्याने वडिलांना फोन लावले, वडिलांना ऐकू येईना. मग त्याने पेजवरचा आमचा नंबर फिरवला, आणि तो मी उचलला.

तो अगदी शांत बोलला. "आज सकाळी तुमची गाडी आमच्या गल्लीत आली होती. तिथून कुणाला नेलं?"

मला अजून काही कळलेलं नव्हतं. मी माझ्या नेहमीच्या मऊ आवाजात विचारलं, आपण कोण?

"वहीत नाव असेल ना. वाचा."

मी वाचलं. वही समोरच होती, त्या दिवशी त्यात एकच नाव होतं. मी हॅलो हॅलो म्हणत राहिले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "ती माझी आई आहे," आणि फोन ठेवला. तोवर माझ्या लक्षात सगळं आलं होतं. शुक्रवारची ती खूण, सावकाश, सगळं. मी ॲप उघडलं, खूण काढून टाकली, आणि स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं. खूण काढायला मला एक क्षण लागला. ही गोष्ट मी कित्येक महिने कुणाला सांगितली नाही.

संध्याकाळपर्यंत त्याने आपल्या पानावर लिहिलं की मला माझ्या आईचा मृत्यू एका संस्थेच्या आभारपत्रातून कळला. आम्ही वर्षभरात जेवढ्या लोकांपर्यंत पोचलो नव्हतो तेवढ्यांपर्यंत ते दोन तासांत पोचलं. रीचसाहेबाला अखेर रीच मिळाली. लोकांनी आम्हाला गिधाडं म्हटलं, धंदेवाईक म्हटलं. नव्वद देणगीदार रात्रीतून गेले. फोनवर शिव्या खायला मीच होते, आणि खरं सांगते, त्या खाताना मला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी बैठक घेतली. ते, कार्यकारिणीचे दोघं, फोनवर रीचसाहेब, मी, आणि दाराशी उभे सावकाश. बस म्हटलं तरी ते बसले नाहीत. अध्यक्षांनी विचारलं, हा फोटो गेला कसा? मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं. पण माझ्या आधी सावकाश बोलले.

"माझाच अंगठा लागला साहेब. मला वाटलं जतन दाबलं, पण 'पाठवा'वर पडला असणार. माझं नख असं आहे."

आणि त्यांनी तो अंगठा वर करून सगळ्यांना दाखवला.

मी टेबलावरच्या फोनकडे बघितलं, ज्यातून रीचसाहेब ऐकत होता. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. तो म्हणाला, मानवी चूक आहे, लोक मानवी चूक समजून घेतात. मी तोंड मिटलं. नवऱ्याची नोकरी सुटलेली होती, धाकटीचं शिक्षण चाललं होतं, ही कारणं मी स्वतःला नंतर दिली. त्या क्षणी कारण एकच, मला भीती वाटली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्याशाने स्वतःच दोर आणून दिला होता, आणि मी तो घेतला.

निवेदन टाईप करायचं काम माझंच. 'आमच्या चालकाच्या हातून अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल' असं मी माझ्या बोटांनी लिहिलं, आणि एकदा शुद्धलेखनही तपासलं. रीचसाहेबाने वर सुचवलं की नुसत्या निवेदनाने भागणार नाही, चालकाचा माफीचा व्हिडिओ हवा. सावकाश तयार झाले. ते काहीही करायला तयार होते, त्यांना वाटत होतं त्याने त्या मुलाला थोडं बरं वाटेल. ओट्यावर बसवून मी माझ्या फोनने व्हिडिओ घेतला. दोन वाक्यं पाठ करून दिली होती. पहिलं म्हणाले, दुसऱ्याला आवाज फुटेना, ते हात जोडून तसेच बसून राहिले. पुन्हा घेऊ का म्हणून मी विचारलं तर रीचसाहेब म्हणाला, नको, हाच टाका.

तो व्हिडिओ लाखोंनी बघितला. लोक रडले, लोकांनी लिहिलं की अशी माणसं उरली नाहीत, आणि पैसे पाठवले. गेलेले नव्वद परत आले, वर शेकड्यांनी नवे आले. वर्ष संपायच्या आठ दिवस आधी नवी गाडी दारात उभी राहिली. ती चालवायला मात्र सावकाश नव्हते. कार्यकारिणीचं म्हणणं पडलं की ज्याच्या हातून असं झालं त्यालाच पुन्हा पाठवलं तर घरचे लोक काय म्हणतील. आणि कार्यकारिणीने ते सांगायच्या आत सावकाशनीच किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, ताई, मला आता कुणाच्या दारात जायची हिंमत नाही. त्या दिवशीही मी सांगितलं नाही.

नऊ महिने असे गेले. खाई त्याला खवखवे, म्हणून मी त्यांच्या घराच्या रस्त्याने जाणंच सोडलं. कळायचं ते इतकंच की ते घरीच असतात, झोपत नाहीत, वहिनी जादा शिवण घेतात.

मग एके दिवशी तो मुलगा ऑफिसात आला, वडिलांना कायमचं आपल्याकडे न्यायला आलेला. चाळिशीचा, थकलेला माणूस. त्याला सावकाशना भेटायचं होतं. वडिलांनी त्याला सांगितलं होतं की त्या माणसाने तुझ्या आईला एकही धक्का लागू न देता खाली नेलं, आणि मला ऐकू येत नाही म्हणून सगळं कागदावर लिहून विचारलं. तो म्हणाला, मी तेव्हा रागात लिहिलं, ते मी काढून टाकलंय, त्यांना सांगा माझ्या मनात काही नाही. आणि मग त्याने विचारलं, ते आता कुठे असतात? मी म्हटलं, आम्ही त्यांना काढलं. तो म्हणाला, माझ्यामुळे? मी मान खाली घातली. तो पत्ता घ्यायलाही थांबला नाही.

त्या दिवशी मी प्रथम अध्यक्षांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, आता जुनं उकरू नका, देणगीदार बिथरतील, डिझेल-पगार त्यांच्याच जिवावर आहेत. मी म्हटलं, आणि सावकाश? ते म्हणाले, त्यांनी स्वतःच कबूल केलं होतं ना.

म्हणून मग मी सावकाशच्या घरी गेले. एकच खोली, खिडकीशी मशीन, वहिनी कुणाच्या तरी शाळेच्या गणवेशाचे खिसे लावत होत्या. सावकाश कॉटवर बसले होते. निम्मे झाले होते. मला बघून त्यांना आनंद झाला, हे जास्त वाईट. बसा म्हणाले, नवी गाडी कशी आहे विचारलं, मागचं दार घट्ट लागतं का विचारलं. मी उभ्यानेच बोलले.

"भाऊ, तुमचा अंगठा कुठेही पडला नव्हता. तुम्ही 'जतन करा'च दाबलं होतं. तो फोटो आपोआप जावा अशी खूण मी आदल्या शुक्रवारी केली होती, आणि तुम्हाला सांगायची राहिली. बैठकीत मला ते माहीत होतं."

मशीन थांबलं.

"म्हणजे मी बरोबर दाबलं होतं," सावकाश म्हणाले.

मी हो म्हटलं. मला वाटत होतं की ते ओरडतील, मला ते हवं होतं. मी सांगितलं की पेजवर खरं काय ते लिहीन, राजीनामा देईन. त्यांनी मान हलवली.

"नका लिहू. तुमची जाईल, माझी येणार नाही." मग म्हणाले, "ताई, नऊ महिने मी माझ्यावर रागावून आहे. ते घरातल्या घरात होतं, त्याची सवय झाली होती. आता तुमच्यावर रागवायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून. मला नाही जमायचं ते." आणि ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले, पाहुणी समोर उभी असताना. इतक्या वर्षांत मी त्यांना असं वागताना पाहिलं नव्हतं.

मी निघाले. पहिल्या मजल्यावर आले तोवर वहिनी मागून आल्या, गळ्यात टेप, हातात तो खिसा तसाच. मला वाटलं मारतील. त्या माझ्या एक पायरी वर थांबल्या.

"सुरुवातीला मी त्यांची समजूत घालत होते," त्या म्हणाल्या. "मग मला वीट आला. रोज तेच, रोज तेच. परवा जेवताना म्हटलं मी त्यांना, एका क्षणात सगळ्यावर पाणी फिरवलंत, त्या पोराचं वाईट केलंत आणि माझंही. ते ताटावरून उठले. कित्येक महिने मी त्या माणसाला बोलतेय. आता हे मी कसं परत घेऊ, तेवढं सांगून जा."

त्यांना खरोखर उत्तर हवं होतं. त्या थांबल्या होत्या. थोड्या वेळाने त्या वर गेल्या आणि दार लावून घेतलं.